लेक डिस्ट्रिक्टमध्ये गाडीशिवाय कॉटेज: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे लंडनला येताहेत. त्यांना घेऊन चार-पाच दिवस लेक डिस्ट्रिक्टमध्ये (इंग्लंडच्या वायव्येचा तळ्या-डोंगरांचा भाग) कॉटेज भाड्याने घ्यायचं म्हणतोय. हॉटेल नको, बाबांना दुसऱ्याच दिवशी वरणभात आठवतो!

अडचण अशी की आम्ही दोघंही गाडी चालवत नाही. विंडरमिअरपर्यंत रेल्वे आहे, पुढे अँबलसाइड, ग्रासमिअर, केझिकला ५५५ नंबरची बस जाते. यातलं कुठलं गाव सोयीचं? जुन्या दगडी घरांचे जिने फार उभे असतात आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे झोपायची खोली आणि बाथरूम तळमजल्यावरच हवं. बरेच मालक शुक्रवार किंवा शनिवारपासून आठवडाभरासाठीच देतात. सोमवार ते शुक्रवार कुणाला मिळालंय का? आणि हो, फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो का?