सॅन स्टॉर्म या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये अँप बसवल्यावर शीळ येते

प्रश्न: नवा हेडयुनिट (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ), चार चॅनेलचा अँप (अँप्लिफायर). रेस दिली की स्पीकरमधली शीळ चढते. काय तपासू?

उत्तर १: अँपच्या आरसीए (हेडयुनिटकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढून बघा. शीळ थांबली तर दोष हेडयुनिटकडे. स्टॉर्मची बॉडी फायबरची, तिला अर्थिंग मिळत नाही! चॅसिसचा लोखंडी भाग रंग खरवडून चकचकीत करा, तिथेच हेडयुनिट आणि अँप दोन्हींची अर्थिंगची वायर घट्ट बोल्ट करा. अँपची ही वायर त्याच्या पॉवर वायरच्याच जाडीची, अर्ध्या मीटरच्या आत. आरसीए एका बाजूने, पॉवर दुसऱ्या.

उत्तर २: पॉवर वायरवर फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवाच, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली की आग.

उत्तर ३: स्पीकर बसवायच्या रिंगा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) नकोत. कोल्हापूरच्या पावसात कापडी छत पाझरलं की फुगतात. उद्यमनगरात १२ मिमी एचडीपीई प्लास्टिकच्या कापून घ्या.