महाराष्ट्रातली पोरं जगली, पण वाढली का?

काठावरचा

वाद मूळचा घरातला. परवा जेवताना आमचे मेहुणे म्हणाले, "वीस वर्षांत राज्यातल्या पोरांचं भलंच झालंय, तुम्हाला उगाच रडायची खोड." तिथे उत्तर सुचलं नाही (नेहमीप्रमाणे अंथरुणाला पाठ टेकल्यावर सुचलं), म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तीन फेऱ्या समोर घेऊन बसलो. २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१.

आधी मेहुण्यांची बाजू. हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं ३७-३८ होती, ती २३ वर आली. दवाखान्यातली बाळंतपणं ६५ टक्क्यांवरून जवळजवळ ९५ वर गेली. विशी ते चोविशीतल्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या ३९ टक्के होत्या, त्या २२ झाल्या.

आता माझी. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने खुजी मुलं ४६ टक्के, मग ३४, मग ३५. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत गाडी सुसाट आणि नंतर घाटात बंद. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे लुकडी मुलं साडेसोळा टक्के होती, ती २५.६ झाली आणि पुढच्या फेरीतही तिथेच. वयाच्या मानाने कमी वजनाची ३७, ३६, ३६. आणि रक्तक्षय तर शेवटच्या दोन फेऱ्यांत ५४ वरून ६९ टक्क्यांवर.

मधल्या काळात आपण हात बांधून बसलो होतो असंही नाही. २००१ साली 'कोवळी पानगळ' अहवालाने राज्यातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं आणि बराच गदारोळ झाला. २००५ मध्ये औरंगाबादेतून कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. पुढे भर गर्भारपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर आला. २०१२ च्या राज्य पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण ३९ वरून २४ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं दिसलं, तेव्हा युनिसेफनेही दखल घेतली. मग ते उतरणं का थांबलं?

माझा अंदाज असा. मूल वाचवायला ठरावीक दिवशी ठरावीक गोष्ट लागते. लस, दवाखाना, रात्री येणारी १०८. सरकारला हे जमतं. मूल वाढवायला मात्र रोज सकाळी अकराला, दुपारी तीनला कुणीतरी त्याच्यापुढे वाटी घेऊन बसावं लागतं. ते कुणाच्याच उद्दिष्टात बसत नाही.

---

पुणेरी_गणित

धागाकर्त्यांनी आकडे बरोबर दिलेत, निष्कर्ष घाईचा काढलाय.

एक तर ३४ आणि ३५ मधला फरक नमुना पाहणीत काहीच नसतो. दुसरं, शेवटची फेरी २०१९-२१ ची. तो काळ कोणता होता हे वेगळं सांगायला नको. अंगणवाड्या बंद, रोजगार बंद, त्या वर्षाचा आकडा धरून 'घाटात गाडी बंद' म्हणणं बरोबर नाही.

आणि तिसरं, खुजं कोण हे ठरवणारी पट्टीच जागतिक आरोग्य संघटनेची, २००६ ची. आपली मुलं मुळात चणीने लहान. २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी हाच मुद्दा मांडला होता, की या पट्टीने भारतातलं कुपोषण फुगून दिसतं. माझी आजी चार फूट दहा इंच होती, नव्वदीपर्यंत चतुःशृंगी चढली.

---

काठावरचा

आजींना नमस्कार.

कोविडचं म्हणाल तर, महाराष्ट्र त्या फेरीच्या पहिल्या टप्प्यात होता. आपल्याकडची पाहणी डिसेंबर २०१९ मध्ये संपली. टाळेबंदी मार्च २०२० ची. तेव्हा हे खापर कोविडच्या डोक्यावर फुटत नाही.

पट्टीबद्दल. ती आखताना सहा देशांतली मुलं मोजली होती, त्यात दिल्लीतल्या खात्यापित्या घरचीही होती, आणि ती बाकीच्यांसारखीच वाढत होती. तरी तुमचं मान्य करू, पट्टी वाकडी आहे. पण तीच वाकडी पट्टी तिन्ही वेळेला लावली ना? मग पहिल्या दहा वर्षांत बारा टक्के उतरलेला आकडा नंतर का अडला? त्याच पट्टीने तमिळनाडूत २५ टक्के येतात. आपली नि त्यांची चण इतकी वेगळी नाही.

---

पुणेरी_गणित

कोविडचा मुद्दा मागे घेतो. टप्प्यांचं लक्षात नव्हतं.

पट्टीवरून मात्र हटणार नाही. शिवाय आज आठशे-नऊशे ग्रॅमची बाळं काचेच्या पेटीतून घरी जातात, ती पूर्वी मोजायला उरतच नव्हती. ती जगली की सरासरीत येतात आणि सरासरी खाली ओढतात. याला अपयश म्हणायचं की यश?

---

शंकेखोर

सगळे पाच वर्षांखालच्यांवर तुटून पडलात. पंधरा ते पंचवीसचं काय? एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात, १,७६४. आदल्या वर्षीही आपणच पहिले. वजनकाट्यावर हे दिसत नाही.

---

पुणेरी_गणित

दुःखद आहेच. पण राज्य मोठं, विद्यार्थी जास्त, नोंदणी इतरांपेक्षा बरी. नुसती संख्या लावून क्रमांक काढू नये.

---

शंकेखोर

नोंदणी बरी म्हणून आकडा मोठा, मूल वाचलं म्हणून लुकडी जास्त. तुमच्याकडे प्रत्येक वाईट आकड्याचं चांगलं कारण तयार असतं बुवा.

---

फडातला

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

मी कोपीत वाढलो, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत. बीड जिल्हा, धारूरकडचं गाव. दसरा झाला की टायरगाडीवर भांडी, पत्रे, शेळी आणि आम्ही. पश्चिमेकडे कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, ते थेट पाडव्यानंतर परत. आईची पाच बाळंतपणं, त्यातली दोन लेकरं गेली. एक फडातच. नोंद कुठेच नाही, तुमच्या त्या ३७-३८ मध्ये ते धरलंय का मला माहीत नाही. बहिणीची दोन बाळंतपणं, दोन्ही सरकारी दवाखान्यात, दोन्ही पोरं धडधाकट. मी डिप्लोमा करून चाकणला नोकरी करतो.

तर काठावरचे साहेब, तुमचं शीर्षक मला टोचलं. 'जगली, पण'. त्या 'पण'च्या आधीचा भाग तुम्ही चार ओळीत उरकला. माझ्या आईला विचारा, ती त्या चार ओळींवर आयुष्यभर बोलेल.

बालविवाहाचं मात्र २२ टक्के वाचून हसू आलं. ती राज्याची सरासरी. त्याच सर्वेक्षणात बीड ४४ च्या जवळ आहे आणि परभणी ४८. कारण कुणी विचारत नाही. मुकादम, म्हणजे तोडीला मजूर नेणारा, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल कमी. वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवायची कुठं, आणि फडात नेली तर आईबापाला रात्रीची झोप नाही. मग सोळाव्या वर्षी उरकतात. ह्याला प्रबोधन, पथनाट्य लागू पडत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी दहावीच्या परीक्षेला दोनच बसल्या होत्या, आणि भिंतीवर 'बेटी बचाव' रंगवलेलं होतं, निळ्या ऑइलपेंटात.

---

काठावरचा

फडातला, तुमचं बरोबर आहे. 'पण' घाईत आला. शीर्षक आता बदलता येत नाही.

---

निवृत्त_मुख्यसेविका

एकतीस वर्षं नोकरी केली, आधी सेविका, मग परीक्षा देऊन मुख्यसेविका. माझ्या देखरेखीच्या भागात, म्हणजे बीटमध्ये, पंचवीसेक अंगणवाड्या होत्या. जिल्हा सांगत नाही.

तुम्ही सगळे सर्वेक्षणाचे आकडे धरून भांडताय. आमच्या मासिक अहवालात यातलं काहीच दिसत नव्हतं. सर्वेक्षण म्हणायचं दर शंभरात दहा-अकरा मुलं तीव्र लुकडी, आमच्या कागदावर शंभरात एखादं. कसं? वजन घ्यायचा लटकता काटा, त्याला झोळी. पोर झोळीत घातलं की ते किंचाळत लाथा झाडतं, काटा सात आणि नऊच्या मध्ये नाचतो, आई म्हणते पुरे करा. सेविका मधलं काहीतरी लिहिते. उंचीचं तर विचारू नका. दोन वर्षांखालचं पोर आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. पाटीला टाच टेकलीच नाही तर आकडा कसा बरोबर येणार? आणि खरं लिहिलं तर वरून विचारणा, तुमच्याच बीटमध्ये कुपोषण कसं निघतं. एका बैठकीत मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. पुढच्या महिन्यात माझ्या बीटमधली मुलं आपोआप सुधारली. हे मी केलं, लपवत नाही.

आता काठावरच्यांच्या वाटीचं. माझ्याकडच्या एका गावातली मुलगी होती, नाव नको. दसऱ्याआधी वजन केलं तेव्हा चौदा महिन्यांची, ८ किलो २००. तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात. आईबाप ऊसतोडीला गेले. पाडव्यानंतर आली तेव्हा वीस महिन्यांची, ८ किलो ३००. सहा महिन्यांत शंभर ग्रॅम. पट्टा पिवळा. आईला विचारलं काय खायला घालत होतीस. ती म्हणाली, "मॅडम, पहाटे चारला फडात जातो. हिला पाचटावर निजवायची, उठली की पाच रुपयाचा बिस्कीट पुडा हातात द्यायची. भाकरी असती की, पण भरवायला थांबलं तर मोळ्या कोण बांधणार?" घरात अन्न नव्हतं असं नाही. भरवायला माणूस नव्हतं.

टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची पाकिटं गावच्या नोंदीवर येतात. पोर कारखान्याच्या तळावर. तिथल्या अंगणवाडीच्या यादीत हिचं नाव नाही, इथल्या यादीत 'स्थलांतरित'. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार आहे, गरोदर बाईला शिजवलेलं एक वेळचं जेवण, लहान मुलांना अंडी. ते चांगलं आहे, पण आमच्या पट्ट्याला लागू नाही. आम्ही आदिवासी नाही ना.

---

पुणेरी_गणित

मॅडम, मग अंगणवाडीचे आकडे खोटे आणि सर्वेक्षणाचे खरे, असं धरायचं का? तिथेही मोजणारी माणसंच.

---

निवृत्त_मुख्यसेविका

सर्वेक्षणवाल्या मुली आमच्याकडे आल्या होत्या. एका पोराला दोघी मोजत होत्या. एकीने पाय धरले, दुसरीने डोकं. आणि पोर जाड निघालं काय, बारीक निघालं काय, त्यांचा पगार तोच. एवढा फरक पुरतो.

---

शंकेखोर

अंड्यावरून आठवलं. शाळेच्या आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडं आणलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद. हवं तर लोकसहभागातून द्या म्हणे. मधल्या काळात अंड्याच्या बाजूने आणि विरुद्ध जेवढं बोललं गेलं, तेवढ्या वेळात उकडून झाली असती.

---

पुणेरी_गणित

अंड्याला माझा विरोध नाही हे नोंदवून ठेवा, नाहीतर तेही माझ्या नावावर लागायचं. जे खात नाहीत त्यांना केळं होतंच.

पण मॅडमचा प्रतिसाद वाचून एक विचारतो, वादासाठी नाही. भरवायला माणूस नाही हेच जर कारण असेल, तर पाकिटं आणि अंडी वाढवून काय होणार? तळावर पाळणाघर काढलं तर?

---

फडातला

तळ हलतो हो. एक फड संपला की दुसरीकडे. आणि पाळणाघर नऊला उघडणार, आई चारला फडात. उघडायचं तर पहाटे साडेतीनला उघडा, मी स्वतः येऊन पहिली वर्गणी देतो.

हंगामी वसतिगृहं मात्र कामाची आहेत, पण ती शाळेतल्या पोरांना. मी त्यातच राहिलो म्हणून शिकलो. दोन वर्षांच्या लेकराला वसतिगृहात कोण ठेवणार?

मॅडम, त्या पोरीचं पुढं काय झालं?

---

निवृत्त_मुख्यसेविका

उन्हाळ्यात गावात होती तेव्हा ग्राम बाल विकास केंद्रात आणली. दिवसाला पाच-सहा वेळा थोडं थोडं खाऊ घालायचं, मदतनीस बाई मांडीवर घेऊन बसायची. महिन्यात सहाशे ग्रॅम चढली. म्हणजे चढतात, वेळ दिला की चढतात. मग दसरा आला. आजीजवळ ठेवा म्हणून मी दोनदा घरी गेले. आजीही तोडीला निघाली होती, अर्ध्या कोयत्यावर.

आता दुसरीत आहे. मागच्या महिन्यात गावी गेले तर रस्त्यात भेटली. वर्गातल्या मुलींत सगळ्यात पुढे उभी करतात, बुटकी म्हणून. मला ओळखलं नाही. पाढे विचारले तर बारापर्यंत न अडखळता म्हणाली, तेराला अडली.