रिडंडंट, पॅरिटी, अ‍ॅरे: मराठीत काय म्हणायचं?

घरच्या फोटो-व्हिडिओंसाठी जुन्यानव्या हार्ड डिस्क एकत्र जोडतेय, ८, ४, ४ आणि २ टीबीच्या आहेत. सगळं मराठीत लिहून ठेवायचंय, म्हणजे मी घरी नसले तरी आईबाबांना कळेल कुठल्या डिस्कला हात लावायचा नाही ते. पण रिडंडंटवर अडलेय, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी फोटो वाचावेत म्हणून ठेवलेली जादा डिस्क. कोशात अनावश्यक, अतिरिक्त मिळतं आणि अतिरिक्त म्हटलं की आपल्याकडे अतिरिक्त शिक्षक आठवतात, ज्यांना दुसऱ्या शाळेत हलवायचं ते. इथे नेमकी तीच डिस्क हलवायची नाहीये! पॅरिटी आणि अ‍ॅरेलाही (एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच) शब्द सुचवा.

—

अ‍ॅरेला मांडणी म्हणा ना, सरणीबिरणी कशाला, स्वयंपाकघरातली मांडणी सगळ्यांना माहितीय, लहानमोठे डबे एका जागी.

१९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ची, म्हणजे ‘रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ची कल्पना मांडली तेव्हा त्यातला आय ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चा म्हणजे स्वस्तचा होता, पुढे तो ‘इंडिपेंडंट’ झाला, रिडंडंट मात्र तसाच राहिला. त्याला राखीव म्हटलं तर बाजूला ठेवलेली रिकामी स्पेअर डिस्क वाटेल. मी बेगमी म्हणेन, पावसाळ्याची करतो तशी.

आणि पॅरिटीला ताळा! शाळेत गणिताचा ताळा करून बघायचो तोच. तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ आहे, १ हा आकडा दोनदा आला, म्हणजे सम, म्हणून चौथीवर ताळा ०. मधली डिस्क गेली तरी ताळा सांगतो की १ सम वेळाच यायला हवा, म्हणजे तिथे ० होता.

—

समविषमता जास्त नेमका नाही का? ताळ्याने फक्त चूक कळते, गेलेलं परत मिळत नाही.

—

समविषमता बरोबरच आहे, पण त्यातून डिस्कचं काम कळत नाही. वाण्याची चिठ्ठी घ्या, तूरडाळ, साखर, तेल, पोहे आणि खाली बेरीज, आता साखरेच्या आकड्यावर तेलाचा डाग पडला तर बेरजेतून बाकीचे तीन वजा केले की साखर मिळतेच की. दोन आकड्यांवर डाग पडला तर मात्र संपलं, एका ताळ्याचंही तसंच.

पुढे डिस्क वाढवता येणाऱ्या, म्हणजे एक्स्पांडेबल मांडणीला म्हणा ‘वाढत्या अंगाची’, मुलांचे कपडे शिवतो तशी. साध्या रेड ५ मध्ये चारही डिस्क सगळ्यात लहान डब्याएवढ्या धरतात, म्हणजे २-२ टीबीच्या, त्यातून एका डिस्कएवढी जागा ताळ्याला जाऊन हातात ६ टीबी. स्नॅपरेड किंवा अनरेड या सॉफ्टवेअरमध्ये ८ टीबीची ताळ्याला ठेवली की ४, ४, २ मिळून पूर्ण १० मिळतात, पुढे ८ टीबीपर्यंतची कुठलीही डिस्क मांडणीत घालता येते. एवढंच की ताळ्याची डिस्क बाकीच्यांपेक्षा लहान चालत नाही. आणि स्नॅपरेड तुम्ही सांगाल तेव्हाच ताळा करतो, त्यानंतर टाकलेले फोटो पुढच्या ताळ्यापर्यंत उघड्यावरच. फोटोंची वेगळी प्रत दुसऱ्या घरी ठेवाच, ताळा म्हणजे बॅकअप नव्हे.

—

मस्त! ८ टीबीवर चिकटपट्टी लावून ‘ताळा, काढू नये’ लिहिलं, आईला लगेच कळलं. आता मिररिंग राहिलं, म्हणजे तीच माहिती दोन डिस्कवर ठेवणं. दुबार म्हणू का? पण दुबार पेरणीमुळे पहिली वाया गेल्यासारखं वाटतं, इथे दोन्ही प्रती शाबूत असतात. जोडप्रत कसा वाटतो?