सीबकथॉर्न: केवळ रसापुरते नव्हे

सीबकथॉर्न या काटेरी झुडपाच्या फळांत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते, म्हणून त्याचा रसच काय तो मोलाचा, असे म्हटले जाते. त्यातले जीवनसत्त्वाचे म्हणणे मान्यही आहे. परंतु या झुडपाचे सारे मोल त्याच्या आंबट, नारिंगी फळांच्या रसातच आहे, हे मला पटत नाही. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे फ्रँकिया जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, म्हणजे झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात, त्यामुळे लडाखमधील सिंधू आणि नुब्रा खोऱ्यांतल्या रेताड, निकस नदीकाठावरही ते तग धरते, माती धरून ठेवते आणि त्याच्या काटेरी फांद्या शेताच्या कुंपणाला उपयोगी पडतात. (तेच काटे फळे तोडणाऱ्याचा मात्र अंत पाहतात!) लागवडीचा विचार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की यात नर व मादी झाडे वेगळी असून परागण वाऱ्याने होते, जवळपास नर झाड नसल्यास मादी झाडाला फळ धरत नाही.