अ‍ॅक्सेंटवरून रोज टिंगल, हे नॅशनल ओरिजिन डिस्क्रिमिनेशनमध्ये (मूळ देशावरून होणाऱ्या भेदभावात) येतं का?

जर्सीची_मुलगी:
न्यू जर्सीत आयटीत आहे, एच-१बी वर्क व्हिसावर. नवीन लीड आलाय तेव्हापासून मीटिंगमध्ये मी बोलले की तो माझ्या अ‍ॅक्सेंटची नक्कल करतो आणि सगळे हसतात, डबा उघडला की नाक दाबतो, आणि परवा तर चारचौघांत म्हणाला जा ना मग तुझ्या देशात परत. लंचला मैत्रिणीशी मराठीत बोलत होते तर म्हणे इथे फक्त इंग्लिश. व्हिसावर असताना तक्रार करता येते का??

अभिजित_एनजे:
येते. १९६४च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल ७ बघ, नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणारा भाग, १५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला लागू, तुझा व्हिसा कुठला याच्याशी संबंध नाही. नॅशनल ओरिजिनमध्ये अ‍ॅक्सेंट, भाषा, पूर्वज कुठले हे सगळं धरतात. एखादा टोमणा सहसा पुरत नाही, त्रास एकतर खूप गंभीर हवा नाहीतर वारंवार, पण तुझं तर रोजचंच चाललंय! आणि डिप्रेशन आलं वगैरे सिद्ध करायची गरज नाही, ते १९९३च्या हॅरिस केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय.

माई_एडिसन:
अगं, लंचलासुद्धा इंग्लिशच बोला म्हणणं ईईओसीच्या (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था) नियमांत बसत नाही, कामाची खरी गरज असेल तेवढ्या वेळापुरतीच अशी सक्ती चालते. एक मात्र सांभाळ, तक्रारीत "मी सिटिझन नाही म्हणून" असं लिहू नकोस. सिटिझनशिप टायटल ७ मध्ये येत नाही, १९७३च्या एस्पिनोझा केसपासून तसंच आहे. अ‍ॅक्सेंट, भाषा आणि "तुझ्या देशात जा" हेच लिही.

जर्सीची_मुलगी:
थँक्यू माई. तो फक्त काम वाटून देतो, काढायचा अधिकार मॅनेजरकडे आहे, याने काही फरक पडतो?

अभिजित_एनजे:
बराच पडतो. २०१३च्या व्हान्स केसनुसार ज्याला हायर, फायर, प्रमोशनचा अधिकार नाही तो कायद्याने सुपरवायझर नाही, सहकारी धरतात, मग कंपनीला माहीत होतं किंवा व्हायला हवं होतं आणि तरी तिने काही केलं नाही हे दाखवावं लागतं. म्हणून एचआरला मेलच कर, तोंडी सांगून सोडू नकोस. तारखा, शब्द, कोण कोण हजर होतं सगळं लिहून ठेव. तक्रार केली म्हणून त्रास दिला तर ते रिटॅलिएशन, त्याची वेगळी केस होते. ईईओसीकडे जायला न्यू जर्सीत शेवटच्या प्रसंगापासून ३०० दिवस मिळतात, एचआरची चौकशी चालू असली तरी ते थांबत नाहीत.