सेल्फ-हेल्प, कादंबरी आणि तेफळं: या पावसाळ्यातलं वाचन

डिचोलीकर
मासेबंदीचे ६१ दिवस संपले की लगेच श्रावणाचं शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. एवढा काळ घरात बसायचं तर वाचण्याशिवाय दुसरं करणार काय? पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत जाऊन पुस्तकं आणली. चार सेल्फ-हेल्प, तीन कादंबऱ्या, दोन स्वयंपाकाची. वाचून झाल्यावर माझं मत असं की यांत प्रामाणिक पुस्तक एकच, स्वयंपाकाचं.

कारण ते चुकलं तर त्याच दिवशी ताटात कळतं. पहिल्या श्रावण सोमवारी पुस्तकात बघून खतखतें, म्हणजे आमची मिश्र भाज्यांची आमटी, केलं. सुरण, कणगी, नीरफणस, मक्याच्या कणसाचे तुकडे, शेंग, तूरडाळ, सोलां, गूळ, सगळं मापाने. त्यात लिहिलं होतं तेफळं (तिरफळं) वाटून घाला. घातली. पहिल्या घासाला जीभ बधिर झाली, दुसऱ्याला सगळं कडू. आई काही बोलली नाही, उठून दहीभात कालवून घेतला. मी पेन्सिल घेऊन ती ओळ खोडून टाकली.

सेल्फ-हेल्पमधली ओळ कशी खोडणार? फायदा झाला तर श्रेय पुस्तकाचं, नाही झाला तर तुम्हीच मनापासून केलं नाही. म्हणे रोज एक टक्का सुधारा. हिशेब बरोबर आहे, वर्षाअखेर साधारण ३७ पट होतं. पण कशाच्या ३७ पट? मी रोज अर्धा तास चालतो, तर पुढच्या श्रावणात साडेअठरा तास चालू?

कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात. तिन्हींत शहराला कंटाळलेला माणूस गावी येतो, कुणी म्हातारी त्याला शहाणपणाच्या दोन गोष्टी सांगते आणि त्याचं भलं होतं. म्हणजे तीही सेल्फ-हेल्पच, फक्त पात्रांना नावं दिलेली. एकीतलं गाव तर गोव्यातलं, आणि म्हातारी धो धो पावसात काजूची फेणी गाळत बसलेली! अगो, उन्हाळ्यातले काजूचे बोंडू आता कुठून आणलेस?

रात्रपाळी
फेणीवर हसले, पण बाकीचं पटलं नाही. मी कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. तीन वर्षांपूर्वी डोक्यावर कर्ज होतं आणि पगार वीस तारखेला संपायचा. एका मैत्रिणीने असंच एक पुस्तक दिलं. त्यातलं नव्वद टक्के मलाही भंपक वाटलं. एक गोष्ट मात्र घेतली: खर्च केला की त्याच दिवशी लिहायचा. फ्रिजच्या हँडलला सुतळीने वही बांधली. पहिल्या महिन्यात कळलं की नुसत्या रिचार्जवर आणि ड्युटीवरून येताना घेतलेल्या खाण्यावर साडेतीन हजार जातात. हे मला कुठल्या कादंबरीने सांगितलं नसतं. कर्ज गेल्या गणेश चवथीला फिटलं, वही अजून तिथेच आहे.

डिचोलीकर
अभिनंदन, खरंच. पण हे तर माझे आजोबा पुस्तक न वाचता करायचे. दुकानाची वही रोज रात्री दिवा मालवायच्या आधी.

रात्रपाळी
तुमच्या आजोबांनी तुम्हाला सांगितलं असेल. आमच्या घरात हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून पुस्तकाला विचारलं.

पोथीवाला
सेल्फ-हेल्पला नावं ठेवणाऱ्यांनी जरा मागे जाऊन बघावं. सॅम्युअल स्माइल्सचं त्याच नावाचं पुस्तक १८५९ चं, डेल कार्नेगीचं मित्र जोडण्याबद्दलचं १९३६ चं. आणि आपल्याकडे दासबोध काय आहे? वीस दशक, दोनशे समास, आणि एकोणिसाव्याचा पहिलाच समास लेखनक्रियेवर. अक्षर कसं काढावं, ओळी कशा असाव्यात, शाई, कागद, लेखणी, सगळं. बाजूला बसून कुणी शिकवावं इतकं बारीक. ते चालतं, आणि सवयींवर कुणी आज लिहिलं की नाक मुरडायचं?

डिचोलीकर
तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. समर्थ सांगतात अक्षर कसं काढायचं. ते काढून बघता येतं, चुकलं की डोळ्यांना दिसतं. म्हणजे तो समास पाककृतीच्या जातीचा झाला. माझं भांडण ‘मन मोठं करा’ म्हणणाऱ्यांशी आहे.

पोथीवाला
मन मोठं करा असंही समर्थ पुष्कळ ठिकाणी म्हणतात, पण असो.

माजोर्डा लोकल
कादंबरीला तुम्ही चार ओळीत निकालात काढलंत, ते मला बोचलं. चुकीच्या तीन निवडल्यात त्याला कादंबरी काय करणार? दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ वाचा, मराठीतही आहे. घरकामासाठी कुवेतला गेलेली गोव्यातली बाई. माझी मावशी अशीच गेली होती. ती दर दोन वर्षांनी यायची, पावडरचे डबे आणि चॉकलेटं वाटायची, आणि आम्ही पोरं तिला ‘तिथं काय काय आहे’ एवढंच विचारायचो. तिला तिथं कसं वाटतं हे कुणी विचारलंच नाही. पुस्तक मिटलं आणि तिला फोन लावला. बोलायला विषय नव्हता, पावसावर बोललो. त्या पुस्तकाने मला काही करायला सांगितलं नव्हतं. तुम्ही याला कुठल्या ताटात तपासणार?

डिचोलीकर
इथे माझ्याकडे उत्तर नाही. पुस्तक आणतो.

मडगावची मामी
सगळे पुस्तकांवर भांडताहेत, त्या बिचाऱ्या खतखत्याचं कुणी विचारतच नाही! बाबा, मी चाळीस वर्षं खतखतें करते आणि माझं मत उलटं आहे. स्वयंपाकाची पुस्तकंच सगळ्यात खोटारडी. ‘एक नारळ’ लिहितात. कुठला नारळ? आमच्या परसातला घेतलास तर दोन वाट्या चून, म्हणजे खवलेलं खोबरं, बाजारातला घेतलास तर कधी एक, कधी दीड. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप दिलं म्हणून कितीतरी मुली संसाराला लागल्या, ते मान्य. पण हात पुस्तकातून येत नाही. माझ्या सासूने मला एकही माप सांगितलं नाही, फक्त ‘आता वास घे’ म्हणायची.

आणि तेफळं वाटा असं कुठल्या पुस्तकात आहे ते सांग. वाटत नाहीत ती. थोड्या पाण्यात ठेचायची, आतली काळी बी काढून टाकायची, आणि ते पाणी अगदी शेवटी, उतरवायच्या आधी घालायचं. बिया काढल्या होत्यास का?

डिचोलीकर
बिया? नाही, मामी. थांबा, पुस्तक अजून घरीच आहे, बघून सांगतो.

रात्रपाळी
वाट बघतेय.

डिचोलीकर
बघितलं. पेन्सिलीच्या रेघेखाली लिहिलंय, ‘तेफळे बिया काढून पाण्यात ठेचावीत’. वाटण नारळाचं होतं, ते वरच्या ओळीत. दोन ओळी एक करून वाचल्या मी.

रात्रपाळी
म्हणजे पुस्तक बरोबर होतं, तुम्हीच मनापासून केलं नाही!

डिचोलीकर
हसा. लायब्ररीचं पुस्तक आहे, आता आधी खोडरबर शोधतो. मामी, चवथीला परत करून बघायचंय, तेफळं साधारण किती घेऊ?

मडगावची मामी
वास घे, पुता.