माती-परीक्षणाच्या खड्ड्यावर जाणकार कशाला?
बांधकामाआधी माती तपासताना पुरातत्त्वाचा जाणकार हवा, यावर ‘सहा इंची भोकात पुरातत्त्व काय सापडणार, तिथं माणूस उभा करणं म्हणजे खर्च’ असं म्हटलं जातं, त्या मुद्द्याबद्दल. बोअरपुरतं अर्धं मान्य. वॉश बोअरिंगमध्ये, म्हणजे पाण्याच्या झोतानं भोक पाडताना, पाण्याबरोबर थरच कालवले जातात आणि एसपीटीचा (नळी ठोकून मातीची घट्टता मोजायच्या चाचणीचा) नमुना साधारण दर दीड मीटरला, त्यामुळे मधला राखेचा पातळ थर निसटतो. माती पाहण्यासाठी खणलेल्या चाचणी-खड्ड्याचं मात्र तसं नाही, तिथं थर उघडे दिसतात.

बेळगावच्या वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहनकालीन वस्ती निघाली आहे. अशा पट्ट्यात पहिली बकेट पडण्याआधीच जाणकार हजर हवा. जेसीबीला दातांची बकेट नको, सपाट धारेची लावा आणि एका वेळी १०-१५ सेंटीमीटरच खरवडा. खापरं, राख, विटांची ओळ दिसली की यंत्र थांबवायचं, खुरपीनं साफ करून मोजपट्टीसह फोटो घ्यायचा, खोली लिहायची. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय कुणालाही उतरवू नका.

काळ्या मातीत खरी फसगत भेगांची. उन्हाळ्यात त्या रुंदावतात आणि वरचं खापर खाली घरंगळतं. म्हणून सुट्या तुकड्यावरून थराचा काळ ठरवू नये, उभा छेद पाहावाच. आणि मुरूम लागला म्हणून लगेच काम आटोपू नका, धान्याची जुनी पेवं मुरमातही खोदलेली असतात.